फसफसलेली बरणी

किळस येणं हा माझा लहानपणापासूनचा स्वभाव. दुधावरची साय ओठाला लागली की मला उमासे यायचे. आमचे मामा मिशा बुडवून चहा प्यायला लागले की मी उठून दुसऱ्या खोलीत जायची. धनजच्या शेतात जेवायला बसलो की बाबा ज्या तांब्यानं पाणी पीत तोच माझ्यापुढं करत, आणि मी तो उंच धरून तोंडात धार सोडायची. अर्धं पाणी पोटात, अर्धं फ्रॉकवर. एस.टी.तली दांडी मी ओढणीच्या टोकानं धरायची. घरात याला ‘पल्लीचे नखरे’ म्हणत आणि ‘हिले कोन्या राजाच्या घरी द्या लागते’ म्हणून हसत. आता मी ज्या कॉलेजात शिकवते तिथले विद्यार्थीही माझ्या पाठीमागं हसतात, कारण प्रयोगशाळेतून बाहेर पडताना मी तीनदा हात धुते. हसू देत. पण एक किळस अशी आहे की ती हात धुऊन गेलेली नाही. ती मला कुठं लागली ते एकदा लिहून टाकायचं आहे.

बाबा धनजला शेती पाहत आणि आम्ही, म्हणजे आई, दादा, मी आणि मोठी आत्या, शिक्षणापायी कारंज्याला कॉलेज रोडवर घर घेऊन राहत होतो. घर लांबट होतं. पुढं रस्त्याकडं शटर असलेली मोठी खोली, तिच्यामागं स्वयंपाकघर, मग एक अंधारी कोठी, आणि सगळ्यात शेवटी न्हाणीघर. न्हाणीघराला लागून एक लहान खोली होती, तिला नुसतं ‘मागची खोली’ म्हणत. घरावर राज्य आत्याचं. ती बाबांची मोठी बहीण, मेडशीला दिलेली. नवरा लवकर गेला आणि ती भावाकडं परत आली. आमची सकाळ तिच्या खोकल्यानं सुरू व्हायची. मग शेजारच्या जैन मंदिरातली घंटा, मग आईच्या भाकरीची थपथप, आणि नऊ वाजल्यापासून कॉलेजला जाणाऱ्या पोरापोरींचा गलका. जेवायला कळण्याची भाकरी, घट्ट वरण, ठेचा, आणि ताटात डाव्या बाजूला आत्याचं लोणचं. जगातल्या बहुतेक सगळ्या पदार्थांत मला काही ना काही दिसायचं, पण त्या लोणच्यात कधी काही दिसलं नाही.

गल्लीतल्या अर्ध्या बायका आत्याकडूनच लोणचं घालून घ्यायच्या. कोठीत चिनी मातीच्या बरण्या ओळीनं मांडलेल्या असत, प्रत्येकीच्या तोंडावर पांढऱ्या फडक्याचा दादरा सुतळीनं करकचून बांधलेला. तिथं जायचं ते न्हाऊन, हात कोरडे करून. आणि पाळीच्या दिवसांत बाईची सावलीसुद्धा त्या दारात पडता कामा नये, नाहीतर बरणी नासते, असं आत्या सांगायची, आणि घरात कुणी ते खोटं मानत नव्हतं. त्या चार दिवसांत आम्ही मागच्या खोलीत बसायचो. वेगळी सतरंजी, वेगळा पेला, वेगळं ताट; ते ताट आत्या उंबऱ्याच्या आत सरकवून द्यायची आणि मागं सरायची. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर ती आमच्या तारखांना पेन्सिलीनं टिंब काढून ठेवायची. आईचं टिंब तारखेच्या वर, माझं खाली. पाहुणे जेवायला बसले की नेमकं त्यांच्या डोक्यावर ते कॅलेंडर असायचं आणि मी मान खाली घालून जेवायची. आमच्या तारखा आमच्यापेक्षा तिलाच जास्त पाठ होत्या.

त्या वर्षी आमच्याकडं मीना राहायला आली. ती मेडशीची, आत्याच्या सासरगावची, म्हणून आत्याला ‘काकू’ म्हणायची. माझ्याच वर्गात, बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला. तिच्या वडलांनी आत्याला बजावून सांगितलं होतं की पोरगी तुमच्या घरात राहील तोवर शिकेल. होस्टेलला, भाड्याच्या खोलीवर मी ठेवणार नाही. म्हणजे आमचा उंबरा सुटला की मीनाचं कॉलेज सुटलं, हे घरातल्या प्रत्येकाला माहीत होतं. मीना मोठ्यानं हसायची, मोठ्यानं शिंकायची, आणि माझ्या ताटात उरलेली अर्धी भाकरी बिनदिक्कत उचलून खायची. मला शिसारी यायची आणि ती मुद्दाम माझ्याकडं बघत बोटं चाटायची. मागच्या खोलीत बसायची पाळी आली तरी तिला कशाची लाज नव्हती. उलट चार दिवस अभ्यासाला मिळाले म्हणायची. एकदा मी तिला सूक्ष्मजीवशास्त्राची वही द्यायला गेले आणि उंबऱ्याबाहेरून हात लांब करून उभी राहिले. ती पोट धरून हसली. म्हणाली, “अवं, फेक ना आत! मी शिवली तं तुह्या वहीतले जंतू मरतीन का?” ही वहीची गोष्ट लक्षात ठेवा. ती पुढच्या प्रकाराच्या बरोबर पंधरा दिवस आधी घडली.

दादा तेव्हा पुण्याहून परत आला होता. तीन वर्षं स्पर्धा परीक्षा दिल्या, काही झालं नाही, आणि आता त्याच्या डोक्यात कॅफे होता. कॉलेजमधल्या एकूण एक पोरी मोबाईलवर कोरियन मालिका बघायच्या. वेफर्ससुद्धा दोन पेन्सिलींनी उचलून खायच्या. दादाला वाटलं, आपलं शटर कॉलेजच्या फाटकापासून दोनशे पावलांवर, आणि कारंज्यात असं काही नाही. त्यानं पुढची खोली गुलाबी रंगवली, कागदाचे कंदील टांगले, प्लास्टिकची फुलं लावली आणि कोरियाच्या राजधानीवरून ‘सोल कट्टा’ अशी पाटी करून आणली. पुण्यात तो असल्या कॅफेत एकदाच गेला होता आणि आत कुठलं मांस असेल या भीतीनं नुसती कॉफी पिऊन बाहेर आला होता. म्हणजे कारंज्यातलं पहिलं कोरियन खाणं जे लोक करायला निघाले होते, त्यांच्यातल्या एकाच्याही जिभेला कोरियन खाणं लागलेलं नव्हतं. हे तेव्हा कुणाला विचित्र वाटलं नाही. मलाही नाही.

पदार्थ करून बघायचे ते आमच्या स्वयंपाकघरात, आणि चाखायचे मी आणि मीनानं. पाकिटातल्या शेवया लाल रश्श्यात उकळायच्या आणि वर चीजची चकती टाकायची. ती वितळून त्यावर सायीसारखा पापुद्रा धरायचा. तांदळाच्या पिठाच्या बोटाएवढ्या सुरळ्या उकडून त्या गोड-तिखट चिकट रसात घोळायच्या. दातात धरल्या की दात उघडायचे नाहीत. बटाटा आणि चीज काडीला लावून पिठात बुडवून तळायचं, आणि मग त्या तेलकट दांड्यावर, मी शपथेवर सांगते, साखर भुरभुरायची. पहिल्यांदा ते तोंडात गेलं तेव्हा मी न्हाणीघरात धावले. मीनानं माझाही दांडा संपवला. शटरच्या खोलीला तळणाचा, रंगाचा आणि जळक्या साखरेचा असा वास लागला की माझ्या केसांतून तो दोन-दोन दिवस जाईना. आई पदरानं नाक झाकून म्हणायची, “खातीन कोन हे?” दादा म्हणायचा, “खातीन. तू पाय फक्त.”

आत्या सुरुवातीला या सगळ्यापासून लांब होती. मग दादानं सांगितलं की कोरियन जेवणात सगळ्यात महत्त्वाची ती किमची, म्हणजे कोबीचं लोणचं. आत्यानं जपमाळ खाली ठेवली.

“लोनचं? मंग ते माह्या कोठीत होईन. तुह्या त्या गुलाबी खोलीत नाही.”

दादानं मोबाईलवर कृती दाखवली. आत्यानं ती दोनदा पाहिली आणि तिला हवी तेवढी घेतली. कोबी खडेमिठात दडपून ठेवायचा हे तिला पटलं. तांदळाच्या पिठाची खळ पटली नाही, पण करू दिली. मासळीचं पाणी म्हटल्यावर तिनं मोबाईलच दादाच्या हातात परत दिला. मिरची तिच्या डब्यातली, भिवापुरी. लसूण, आलं, मुळा. तिनं ठरवलेला दिवस शनिवार होता आणि कॅफे उघडायचा होता पुढच्या गुरुवारी. दादाला पाटीइतकीच एका व्हिडिओची घाई होती. किमची कालवतानाचे हात तो मोबाईलमध्ये घेणार होता आणि गावभर पाठवणार होता. ते हात माझे असायचे होते. शुक्रवारी मी नखं रंगवली.

शनिवारी सकाळी मला पाळी आली. दोन दिवस आधीच. मी न्हाणीघरात उभी राहून विचार केला तो इतकाच, की आता सांगितलं तर मला मागच्या खोलीत बसावं लागेल आणि व्हिडिओत मीनाचे हात येतील. मीनाची नखं तर कातरलेली, बोटांना शाई. दुसरं काही कारण नव्हतं. मला पुष्कळदा वाटतं की काही मोठं कारण असतं तर बरं झालं असतं. रूढी मोडायची म्हणून, राग म्हणून. तसं काहीही नव्हतं. मी बाहेर आले, हात पुसले आणि कोठीत गेले. परातीतल्या कोबीत मी कोपरापर्यंत हात घातले, दादानं तीन वेळा व्हिडिओ घेतला, आणि मीनानं बरणी भरून वर दादरा बांधला. लाल रस बोटांच्या फटीत गेला होता. तो मला धुववेना आणि बघवेना.

सोमवारी आत्यानं कॅलेंडरकडं बघत विचारलं, “पल्ले, अजून नाही?” मी म्हटलं, “नाही. लांबली असन.” खोटं बोलल्यामुळं मला चार दिवस सगळं लपवत फिरावं लागलं. कागदात गुंडाळलेलं ते न्हाणीघरातल्या डब्यात तळाशी दडपायचं, वर कचरा टाकायचा. असल्या कामात माझ्यासारखीची काय अवस्था झाली असेल ते सांगत नाही.

बुधवारी सकाळी आईच्या भाकऱ्या चालल्या होत्या आणि कोठीतून आवाज आला. सोड्याची बाटली हळूच उघडावी तसा, फस्स. आत्या आत गेली. आम्ही मागोमाग. बरणीचा दादरा फुगून वर आला होता, त्याच्या कडेनं लाल पाणी झिरपून बरणीच्या पोटावरून खाली जमिनीवर आलं होतं, आणि वास! ओलं पायपुसणं कोपऱ्यात आठवडाभर पडून राहिलं आणि वर कुणी लसूण ठेचला, असा वास. आत्यानं सुतळी सोडली. आत बारीक बुडबुडे वर येत होते आणि फुटत होते, कोबी जणू श्वास घेत होता. मी तोंडावर हात दाबला.

आत्या शांतपणे म्हणाली, “नासलं.” मग वळून मीनाकडं आणि माझ्याकडं बघितलं. “कोनं हात लावला याले?”

आता हे नीट ऐका, कारण हेच मला आजवर पचलेलं नाही. त्याच महिन्यात आम्हाला वर्गात आंबवण्याची क्रिया शिकवून झाली होती. दूध, कोबी, इडलीचं पीठ; जिवाणू साखर खातात, आम्ल तयार होतं, वायू सुटतो, बुडबुडे येतात. मी ते आकृतीसह लिहिलं होतं आणि सरांनी माझी वही वर्गाला दाखवली होती. ती सगळी आकृती माझ्या समोर बरणीत जिवंत होती. आणि मला काय वाटलं? मला वाटलं, माझ्या हातानं नासलं. मला क्षणभरही शंका आली नाही. मी घाबरून गेले. माझ्यातच काहीतरी घाण आहे आणि ती आता सगळ्यांसमोर उकळून वर आली, असं मला खरोखर वाटलं.

आत्या न्हाणीघराकडं गेली. खराट्याची काडी घेऊन तिनं कचऱ्याचा डबा आडवा केला आणि कागदाची ती पुडी ओढून न्हाणीघराच्या उंबऱ्यावर आणली. दादानं मान फिरवली. आई म्हणाली, “आक्का, जाऊ द्या ना. पोट्ट्यांसमोर हे कायले?” आत्यानं तिच्याकडं लक्षच दिलं नाही.

“मीना, हे तुहं होय ना?”

“नाही, काकू.”

“दादरा कोनं बांधला होता?”

“मीच बांधला. पर मी बाहीर नव्हती. माहं नाही ते.”

“मंग कोनाचं होय?”

मीनानं माझ्याकडं बघितलं. फार नाही, दोन-तीन श्वास. ती वाट बघत होती. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. आता ही बोलेल, असा नुसता विश्वास होता. मी माझ्या नखांकडं बघत राहिले. रंग एका बोटावरून निघाला होता. मग मीनानं मान वळवली आणि आत्याला म्हणाली, “माहं नाही, येवढंच सांगतो.” तिनं माझं नाव घेतलं नाही.

“खोटं बोलनारी पोट्टी मी घरात ठेवत नाही,” आत्या म्हणाली. “हिच्या बापाले फोन लाव, गजू. म्हना, येऊन घेऊन जा.”

दादानं फोन लावला. ‘अडचण आहे’ एवढंच सांगितलं. दुपारी मीनाचे वडील आले, ओट्यावरच पाणी प्यायले. मीनानं पिशवीत कपडे आणि वह्या भरल्या. जाताना ती आईच्या पाया पडली आणि आईनं तिच्या हातात भाकरीची पुडी दिली. मी आतल्या दारात होते. बरणी आत्यानं दादाकडून उचलवली आणि मागच्या उकिरड्यावर पालथी करवली. तिथल्या कोंबड्या त्या लाल कोबीभोवती जमल्या आणि मोठ्या आवडीनं खाऊ लागल्या. त्या दिवशी मी जेवले नाही, आणि घरातले म्हणाले, हिला वासाची शिसारी आली असेल.

पण गुरुवारी कट्टा उघडायचा होता आणि किमची नव्हती. दादानं अमरावतीच्या एका मित्राला सांगून पहाटेच्या एस.टी.नं तयार किमचीची दोन पाकिटं मागवली. कारखान्यात तयार झालेली, चकचकीत. आत्यासमोर कात्रीनं पाकीट कापलं आणि फस्स करून तोच आवाज आला. तोच वास. तेच बुडबुडे, तेच आंबट लाल पाणी. आत्यानं वाकून बघितलं. “हेबी नासलं,” ती म्हणाली. दादानं पाकिटावरचं बारीक अक्षरांतलं वाचलं, मोबाईलवर शोधलं, आणि खाली बसला. “आत्या,” तो म्हणाला, “हे असंच असते. फसफसलं म्हंजेच झालं. आपलं बरोबर झालं होतं.”

मला वाटलं, आता कुणीतरी मीनाचं नाव घेईल. आई घेईल. दादा घेईल. मी घेईन. आई पोळपाट धुवायला उठली. दादा म्हणाला, “चला, टेबलं पुसून घ्या.” आत्या पाकिटातली एक फोड बोटांनी उचलून, वास घेऊन, जिभेवर ठेवून बराच वेळ चघळत बसली, आणि शेवटी म्हणाली, “मीठ कमी हाय. माहं याच्याहून चांगलं झालं होतं.”

सोल कट्टा चालला. इतका चालला की मला आजही आश्चर्य वाटतं. पोरी त्या साखर लावलेल्या दांड्यांसाठी रांगेत उभ्या राहायच्या, दोन काड्यांनी शेवया उचलताना रस्सा अंगावर सांडून घ्यायच्या आणि त्याचेही फोटो काढायच्या. आत्याची किमची सगळ्यात जास्त खपायची. दर शनिवारी नवी बरणी, दर बुधवारी फस्स. आता आत्या कोठीच्या दाराला कान लावून तो आवाज ऐकायची आणि खूष होऊन आईला सांगायची, “मस्त फसफसून राह्यली.” नियम मात्र तोच राहिला. पाळीच्या दिवसांत कोठीत जायचं नाही. का, तर नासेल.

मी मेडशीला गेले तेव्हा सोयाबीन निघून गेलं होतं आणि तुरीला फुलं होती. मंगरूळ, मालेगाव, असं गाड्या बदलत. मीना ओट्यावर तूप कढवत बसली होती. मला बघून तिनं आत जाऊन पाणी आणलं. तांब्या आणि पेला, दोन्ही. मी वरून धार सोडून पिते हे ती विसरली नव्हती. मी गाडीत पाठ केलेलं सगळं सांगितलं, की ते माझं होतं, मी लपवलं, आणि किमची नासलेलीच नव्हती. ती तूप हलवत राहिली.

“ते तुहं होतं, मले मालूम होतं,” ती म्हणाली. “तुह्या आत्याले बी मालूम होतं.”

“नाही गं. आत्या रागात होती, तिले वाटलं—”

“पल्लवी, येडी हायेस का? पंधरा दिवसांआधी मी मागच्या खोलीत बसली होती. माहं ताट तिनंच सरकवलं. माहं टिंब बी तिनंच काढलं त्या कॅलेंडरवर. मंग पंधरा दिवसांत मी पुन्हा बसनार होती का? आन तुही तारीख तिले पाठ. तुह्या मायले मालूम होतं. तुह्या दादाले बी कळलं असन. सबन घराले मालूम होतं. घरातली पोट्टी खोटी निघाली तं गावात तोंड कसं दाखवतीन? मी काय, दुसऱ्याची.”

मी वही घेऊन उंबऱ्याबाहेर उभी होते ते मला तेव्हा आठवलं. तोपर्यंत आठवलं नव्हतं असं मी म्हणते. तुम्ही विश्वास ठेवावा असा माझा आग्रह नाही.

मी म्हटलं, मी घरी सगळ्यांसमोर सांगते, तू परत चल, वर्ष अजून वाया गेलेलं नाही. मीनानं तुपाचं पातेलं उतरवलं. “तवा बोलली असती तं मी राह्यली असती. आता बोलून तुलेच बरं वाटन. आन बाबानं रिसोडकडचं एक स्थळ पाह्यलं हाय.” मग ती उठली आणि मला बेसनाचा लाडू आणून दिला. मी तो तिथंच खाल्ला, तिच्या हातातून, धुतलेला की न धुतलेला हे न बघता. पण त्यानं काही फिटत नाही, हे त्या लाडवाच्या पहिल्या घासालाच मला कळलं.

पुढच्या महिन्यात माझी तारीख तंतोतंत आली, टिंबावर. बुधवार होता, कट्टा भरलेला. मी आंघोळ करून सरळ कोठीत गेले, बरणीचा दादरा सोडला, आणि हातानंच किमची काढून वाटीत घेऊन पुढं आले. आत्या गल्ल्याजवळच्या खुर्चीत होती. दादा शेवया उकळत होता. मी वाटी तिच्यासमोर धरली. बोटांवरून लाल रस मनगटाकडं येत होता.

“आत्या, आज माहा पहिला दिवस हाय,” मी म्हटलं. “मी बरणीत हात घातला. त्या शनिवारी बी मीच घातला होता. बोलावता बाबाले? म्हना, येऊन घेऊन जा.”

आत्यानं माझ्या हाताकडं बघितलं, मग आजूबाजूला. तीन नंबरच्या टेबलावर माझ्याच वर्गातल्या पोरी बसल्या होत्या, काड्या हातात घेऊन, किमचीची वाट बघत. दादानं पळी हातातच धरून माझ्याकडं बघितलं आणि पुन्हा पातेल्यात घातली.

“हळू बोल,” आत्या म्हणाली. “गिऱ्हाइकं हायेत.”

तिनं माझ्या हातातली वाटी घेतली, पदरानं तिची कड पुसली आणि स्वतः उठून ती तीन नंबरला नेऊन ठेवली. पोरींनी ती चाटूनपुसून खाल्ली आणि आणखी मागितली. आत्या कोठीत गेली, त्याच बरणीतून काढली, आणि हसत हसत त्यांना वाढली.